साहेबांना न आवडलेलं समुद्रफेन

"सूनबाई, या खेपेचं समुद्रफेन साहेबांना अजिबात आवडलेलं नाही," वर्तमानपत्रातून डोकं न काढता सासरे म्हणाले. "दुकानदाराला परत करून टाक. हल्ली काय वाटेल तो माल लोकांच्या गळ्यात मारतात."

सूनबाई ओट्याशी उभ्या उभ्या चहा पीत होती. अकरा वाजता तिची बैठक होती. तिने नुसतं "हो बाबा" म्हटलं. या घरात साहेबांच्या आवडीनिवडीविषयी रोज सकाळी एक निवेदन होत असे, आणि त्याला एवढं उत्तर पुरत असे.

साहेब म्हणजे पोपट. सासरे नोकरीत असताना त्यांच्या वरिष्ठांनी निवृत्त होताना तो त्यांच्या हवाली केला होता. अर्धं आयुष्य मूळ साहेबांपुढे मान तुकवण्यात गेलेलं, आता उरलेलं पिंजऱ्यातल्या साहेबांच्या दिमतीत चाललं होतं. फरक एवढाच, की हे साहेब अंगावर फायली भिरकावत नसत. बाकी चोच मात्र जबरदस्त. रिमोटची बटणं, सासऱ्यांच्या चष्म्याची काडी, एका पाहुण्याच्या कोटाचं बटण, असं पुष्कळ काही त्यांनी पचवलं होतं. चोच झिजत राहावी म्हणून पोपटांना समुद्रफेन देतात. समुद्रफेन म्हणजे माकूळ नावाच्या सागरी प्राण्याच्या पाठीतलं पांढरं, हलकं, सच्छिद्र कवच. साहेब त्याचा तासाभरात भुगा करत.

सूनबाईने कप खाली ठेवला. पर्स उचलली. आणि मग ती जागच्या जागी थबकली. या महिन्यात तिने घरी समुद्रफेन आणलंच नव्हतं.

"बाबा, कुठलं समुद्रफेन?"

"तुझंच की. फ्रिजवरच्या डबीतलं. पांढरे ठोकळे."

सूनबाईने पर्स पुन्हा ओट्यावर ठेवली आणि फ्रिजकडे धाव घेतली.

फ्रिजवरची डबी ही या घरातली जुनी सोय होती, आणि ती तिनेच सुरू केली होती. तिचं संशोधन समुद्रफेनावर चालत असे. प्रयोगशाळेच्या रीतसर खरेदीत ते यायला पाऊण वर्ष लागलं असतं, म्हणून ती ते सरळ पक्ष्यांच्या खाद्याच्या दुकानातून घेई. तिला हवे ते ठोकळे मधल्या भागातून कापून घेतले, की कडेचे तुकडे उरत. ते ती घरी आणून डबीत टाकी आणि म्हणे, "टाकाऊच आहे, कशालाही वापरा." घर आज्ञाधारक होतं. साहेबांच्या चोचीपासून नळाच्या तोटीवरचे डाग घालवण्यापर्यंत सगळीकडे ते तुकडे कामी येत.

काल संध्याकाळी मात्र त्या डबीत तिने टाकाऊ तुकडे ठेवले नव्हते. आजची बैठक इस्पितळात होती आणि इस्पितळ घराजवळ होतं. म्हणून तिने प्रयोगशाळेतून तीन नमुने घरी आणले होते. त्यांना कोरडी, घट्ट झाकणाची डबी हवी होती. तशी एकच होती. तिने ती रिकामी केली, धुतली, वाळवली, नमुने आत ठेवले आणि इतक्या वर्षांच्या सवयीने फ्रिजवर ठेवून दिली. कुणाला काही सांगायचं तिला सुचलंही नाही.

आता ती डबी तिने उघडली. डबी लख्ख रिकामी होती.

"बाबा!" तिच्या तोंडून किंचाळीच निघाली. "अहो, ती माझी हाडं होती!"

सासऱ्यांनी वर्तमानपत्र खाली केलं. पिंजऱ्यात साहेबांनी मान वाकडी केली.

"हाडं?" सासरे म्हणाले. "कुणाची?"

ते सांगायला वेळ हवा होता. अपघातात हाडाचा तुकडाच नाहीसा झाला, तर मधली पोकळी आपली आपण भरून येत नाही. तिथे आधार लागतो. इमारत बांधताना जशी परांची उभारतात, तशी ही हाडाची परांची. पेशी तिच्या छिद्रांमधून चढतात, नवं हाड बांधतात, आणि परांची सावकाश विरघळून जाते. सूनबाईने समुद्रफेन रसायनात, दाबाखाली तापवून त्याचं आपल्या हाडातल्या खनिजात रूपांतर केलं होतं. त्याची छिद्रं तशीच राखली होती आणि त्या छिद्रांना आतून विरघळणाऱ्या पॉलिमरचं पातळ अस्तर दिलं होतं. खनिजाने बळ द्यायचं, पॉलिमरने चिवटपणा. कागदावर हे फार सुरेख दिसे.

प्रत्यक्षात गेल्या बैठकीत, तिच्या संशोधनाचा आढावा घेणाऱ्या समितीवरच्या हाडांच्या डॉक्टरांनी नमुना चिमट्यात धरला होता आणि त्याचा तिथल्या तिथे भुगा झाला होता. थोडा अध्यक्षांच्या चहातही पडला होता. "शस्त्रक्रियेत मी हे चिमट्यानेच उचलणार ना?" डॉक्टर म्हणाले होते. "पुढच्या वेळीही असंच झालं, तर विषय बंद करू. तुमचा वेळ जातोय, आमचाही." पुढची वेळ म्हणजे आज. त्यानंतर तिने अस्तर द्यायची पद्धत मुळापासून बदलली. आतली हवा काढून घेऊन पॉलिमर पार मधल्या छिद्रापर्यंत शिरवलं. कित्येक घाणे बिघडले, तेव्हा कुठे हे तीन नमुने मनासारखे निघाले होते. आणि ते साहेबांना आवडले नव्हते.

"तीनही दिलेत का हो त्यांना?" सूनबाईने कसंबसं विचारलं.

"छे छे, एकच. काल संध्याकाळी दिला. रात्रभर चावत बसले, सकाळी पिंजऱ्याबाहेर भिरकावला. अपमान झाल्यासारखे गप्प आहेत तेव्हापासून."

"मग बाकीचे दोन?"

तेवढ्यात न्हाणीघराचं दार उघडलं आणि सासूबाई बाहेर आल्या. चेहरा प्रसन्न होता. त्या एका पायावर जरा जास्त तोऱ्यात चालत होत्या.

"काय सुरेख वजरी आणलीस गं!" त्या म्हणाल्या. "भिजली तरी झिजत नाही, मोडत नाही. इतकी वर्षं भेगांनी जीव नकोसा केला होता. ही टाच बघ. बघ तरी! लहान बाळाची वाटावी."

सूनबाईने टाच बघितली. टाच खरंच गुलाबी होती. मग तिने सासूबाईंच्या हातातल्या साबणाच्या भांड्यात बघितलं. तिथे तिच्या संशोधनाच्या तीन वर्षांपैकी एक वर्ष फेसात पडलं होतं.

"आई…" ती म्हणाली.

"अगं, पांढरीफटक पडलीस की! काय झालं?"

"ज्याने माणसाचं हाड जोडायचं, त्याने तुम्ही टाच घासलीत!"

सासूबाई क्षणभर दचकल्या. मग त्यांनी विचार केला. "मग टाचेतही हाडच असतं ना?" त्या म्हणाल्या.

हे शास्त्रीयदृष्ट्या बिनचूक होतं, म्हणून सूनबाईला अधिकच रडू आलं. तिने ठोकळा उचलला, नळाखाली धुतला. त्याचा एक कोपरा गोल गुळगुळीत झाला होता. "तिसरा कुठेय?" तिने घराला उद्देशून विचारलं.

"तिसरा काय?" नवरा दाढी करता करता गालाला फेस लावूनच बाहेर आला. "डबीतला पांढरा? तो मी घेतला. बघ की, आज घरात कशी शांतता आहे!"

सगळ्यांनी कान दिले. कोपऱ्यातून धुण्याच्या मशीनची एकसुरी घरघर येत होती. हे मशीन पिळायला लागलं की नाचत नाचत भिंतीपर्यंत जाई. त्याच्या मागून धावायचं काम आळीपाळीने सगळ्यांनी केलं होतं. आज ते जागचं हललं नव्हतं.

"एक पाय आखूड होता," नवरा अभिमानाने म्हणाला. "काल कागदाच्या घड्या घातल्या, लाकडाचा तुकडा घातला, काही टिकेना. मग हा ठोकळा मापाचा निघाला. आज पहिल्यांदाच सगळ्या चादरी एकदम टाकल्यात."

"ते बंद कर!" सूनबाई ओरडली. "आत्ताच्या आत्ता बंद कर!"

"अगं, पाणी निथळू दे तरी!" सासूबाई म्हणाल्या.

"आई, त्या मशीनखाली माझा प्रबंध आहे!"

मशीन बंद झालं. नवऱ्याने एक बाजू उचलली, सासऱ्यांनी दोन पावलं मागे उभं राहून "डावीकडे, डावीकडे, तुझ्या नव्हे, माझ्या डावीकडे" असं मार्गदर्शन केलं, आणि सूनबाईने जमिनीवर आडवं होऊन हात खाली घातला. डोळे मिटूनच तिने तो बाहेर काढला. हाताला पूड लागेल या तयारीत ती होती. लागला तो ठोकळा. त्याच्या अंगावर मशीनच्या रबरी पायाची गोल खूण उमटली होती. त्या घाईत तिला एवढंच दिसलं, की नमुना बिघडला.

"आणि साहेबांचा?" ती उठत म्हणाली. "तो तरी केरात नाही ना गेला?"

सासऱ्यांनी सदऱ्याचा खिसा घट्ट धरला. "तो मी पुरावा म्हणून ठेवलाय. सोबत जुन्या, चांगल्या मालाची पुडीही घेतलीये. दुकानदारापुढे दोन्ही ठेवतो. बघू काय बोलतो!"

"बाबा, द्या तो मला."

"अगं, पण पुरावा गेला तर तो पैसे परत देईल का?"

"बाबा!"

साहेबांनी नाकारलेला ठोकळा अखेर सासऱ्यांनी दिला. त्याच्यावर चोचीचे बारीक खड्डे होते. पुडी मात्र त्यांनी दिली नाही. दुकान इस्पितळाच्या वाटेवरच होतं. सूनबाईने तीनही नमुने पुसून डबीत ठेवले आणि सासऱ्यांना शेजारी घेऊन ती रिक्षात बसली. वाटभर तिच्या डोक्यात एकच वाक्य फिरत होतं: मुदत मागायची. नमुने तयार नाहीत म्हणायचं. हवं तर पाया पडायचं.

दुकान अजून उघडलं नव्हतं. "मग मी तुझ्याबरोबर थांबतो," सासरे म्हणाले. सूनबाईने रिक्षा पुढे घ्यायला सांगितली.

इस्पितळाच्या बैठकीच्या खोलीबाहेर तिच्या मार्गदर्शक मॅडम फेऱ्या मारत होत्या. "आणलेस ना नमुने?"

"आणलेत मॅडम, पण…"

"पण नको. आज 'पण' अजिबात नको. डॉक्टरांना बारा वाजता शस्त्रक्रियेला जायचंय, चल!" आणि त्यांनी तिला दंडाला धरून आत नेलंसुद्धा. सासरे बाहेरच्या बाकावर बसले. दार अर्धवट उघडं राहिलं.

आत लांब टेबल होतं. अध्यक्षांनी तिला पाहताच आपला चहाचा कप उचलून खिडकीत नेऊन ठेवला. डॉक्टरांनी समोर पांढरा कागद पसरला होता, भुगा गोळा करायला. त्यांच्या हातात गेल्या वेळचाच चिमटा होता.

"द्या," ते म्हणाले.

सूनबाई मुदत मागणार होती, पण डॉक्टरांचा हात आधीच पुढे आला होता. तिने डबी पुढे केली. डॉक्टरांनी एक ठोकळा चिमट्यात धरला आणि दाबला. काही झालं नाही. त्यांनी आणखी दाबला. मग चिमटा दोन्ही हातांनी धरून, ओठ आवळून दाबला. चिमट्याची टोकं एकमेकांवर घसरली. डॉक्टरांनी आधी ठोकळ्याकडे बघितलं, मग चिमट्याकडे, मग पुन्हा ठोकळ्याकडे.

सूनबाईही ठोकळ्याकडेच बघत होती. तीन नमुन्यांच्या मागे धावताना ते तुटलेत की नाहीत हे बघायचंच ती विसरली होती.

डॉक्टरांनी भिंग काढलं. "पृष्ठभागावर हे खड्डे आहेत, पण तडा कुठेच पुढे गेलेला नाही. पॉलिमरने धरून ठेवलंय. ही कसली चाचणी?"

मॅडमनी तिच्याकडे आशेने बघितलं. 'प्रयोगशाळेतल्या दाबयंत्राची' एवढं उत्तर पुरलं असतं. सूनबाईला खोटं बोलता येत नसे. आकडे नसताना तर मुळीच नाही.

"पोपटाची चोच," ती म्हणाली.

"काय?"

"घरी पोपट आहे. त्याने रात्रभर चावलाय."

अध्यक्षांचं पेन खाली पडलं. मॅडमनी कपाळाला हात लावला. डॉक्टरांनी तो ठोकळा सावकाश बाजूला ठेवला आणि दुसरा उचलला. तो त्यांनी भिंगातून बघायला अगदी नाकाशी नेला. "याचा कोपरा फार सुबक झिजलाय. पाण्यात घासलात का? कशावर?"

"टाचेवर."

"कुणाच्या?"

"सासूबाईंच्या."

डॉक्टरांचं नाक हळूहळू मागे सरकलं. त्यांनी ठोकळा कागदावर ठेवला, बोटं रुमालाला पुसली, आणि तिसऱ्याला हात न लावता चिमट्यानेच त्याच्याकडे बोट दाखवल्यासारखं केलं. "आणि हा?"

"हा धुण्याच्या मशीनच्या पायाखाली होता. पिळणं चालू असताना."

"आत कपडे होते?"

"चादरी. ओल्या. सगळ्या."

"हे नियमात बसत नाही!" अध्यक्षांना एकदाची वाचा फुटली. "चोच काय, टाच काय! समितीची थट्टा चाललीये का?"

"थांबा हो," डॉक्टर म्हणाले. त्यांचे डोळे विस्फारलेलेच होते. "दाब, झीज आणि वारंवार बसणारे हादरे. हाडाला आयुष्यभर दुसरं सोसावं तरी काय लागतं?" मग ते सूनबाईकडे वळले. "पण तुलना कशाशी करायची? नुसत्या समुद्रफेनाला त्याच पोपटाने काही केलं नसेल कशावरून? पोपट म्हातारा असेल. त्याला भूक नसेल."

तुलनेसाठी सूनबाईने बरोबर काहीच आणलं नव्हतं. मॅडमनी डोळे मिटून घेतले.

आणि दार पूर्ण उघडलं.

"माफ करा, मधे बोलतो," सासरे हात जोडून आत आले. वरिष्ठांच्या खोलीत शिरायची त्यांची सवय जुनी होती. "बाहेर सगळं ऐकू येत होतं. मुलीचा काही दोष नाही. दुकानदाराने माल बदललाय. हे बघा." त्यांनी खिशातून पुडी काढली आणि डॉक्टरांच्या कागदावर उपडी केली. पांढऱ्या भुग्याचा ढीग पडला. "हे खरं, चांगलं समुद्रफेन. साहेबांनी काल दुपारी तासाभरात याची पूड केली."

"साहेब कोण?" अध्यक्षांनी घाबरून विचारलं.

"आमचा पोपट. आणि आता हिचं बघा! तोच पोपट, तीच चोच, रात्रभर झटलाय बिचारा. एक कपचा निघाला नाही हो! चोच दुखून त्याने सकाळी पेरूला तोंड लावलं नाही. मुक्या पक्ष्याला ज्याचा तुकडा पडत नाही, असला माल तुम्ही माणसाच्या हाडात घालणार?"

सगळे एकदा भुग्याकडे, एकदा ठोकळ्याकडे बघत राहिले. सासऱ्यांना वाटलं, आपलं म्हणणं पटलं. त्यांनी मान डोलावली.

सर्वांत आधी डॉक्टर हसले. मग मॅडम. अध्यक्ष हसले नाहीत, पण त्यांनी उठून खिडकीतला चहाचा कप परत टेबलावर आणून ठेवला.

"विषय बंद करायचा प्रश्न नाही," डॉक्टर म्हणाले. "यंत्रावर रीतसर चाचण्या करा, आकडे आणा आणि प्रबंध लिहायला बसा. हे तीन नमुने आम्ही नोंदीसाठी सीलबंद करून ठेवतो. पुन्हा घरी नेऊ नका." दाराशी जाऊन ते थांबले. "पोपटाचा उल्लेख मात्र करू नका. आमच्याकडे त्याच्यासारखं यंत्र नाही." मग ते घाईघाईने हात धुवायला गेले. शस्त्रक्रियेच्या आधी धुवायचेच होते, पण आज त्यांनी जरा जास्त वेळ धुतले.

बाहेर आल्यावर सासऱ्यांनी रिकामी पुडी नीट घडी करून खिशात ठेवली. "म्हणजे," शेवटी त्यांनी खालच्या आवाजात विचारलं, "तो चिवट माल दुकानातला नव्हताच? तो तूच तसा केलास?"

"हो बाबा."

"मुद्दाम?"

"तीन वर्षं लागली."

सासरे चालता चालता थांबले. तिच्याकडे त्यांनी असं बघितलं, जसं इतक्या वर्षांत कधी बघितलं नव्हतं. "साहेबांना काही सांगू नकोस," ते म्हणाले. "फार मनाला लावून घेतील."

घराचं दार सासूबाईंनीच उघडलं. नवरा त्यांच्यामागे उभा होता, आणि त्याच्यामागे कुठेतरी मशीन पुन्हा नाचत भिंतीकडे निघालं होतं. सूनबाईच्या चेहऱ्याकडे बघून सासूबाईंना सगळं कळलं. त्यांनी तिला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला, डोळे पुसले. मग हळूच विचारलं, "आणि वजरी कुठाय?"

"समितीकडे, आई. कपाटात. सीलबंद."

सासूबाईंचा हात तिच्या पाठीवर तसाच थांबला. त्यांनी खाली बघितलं. मग वर बघितलं. त्या दिवसातला सर्वांत मोठा धक्का त्यांच्या चेहऱ्यावर उमटला होता.

"अगं," त्या म्हणाल्या, "पण माझी एकच टाच झालीये!"